देहाचें लपविलेलें दुःख

(धर्मग्रामाच्या ज्युबिली-सप्ताहांतील रुग्णदिनीं धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या ह्या मंगल सप्ताहांत आपण पुष्कळ सुंदर भाषणें ऐकिलीं. देवळाचा इतिहास ऐकिला, आरंभींच्या मिशनरी बंधूंचे श्रम ऐकिले, शाळेची वाढ ऐकिली. आजचा दिवस आपण रुग्णांसाठीं राखून ठेविला आहे. संत पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं १९९२ सालीं जागतिक रुग्णदिन ठरवून दिला, आणि १९९३ पासून लूर्दमातेच्या सणादिवशीं, म्हणजे ११ फेब्रुवारीस, ख्रिस्तसभा तो पाळीत आली आहे. त्याच हेतूनें आजची ही सभा आहे. चालकांनीं मला "रुग्णसेवा" हा विषय दिला, व मीं तो आनंदानें स्वीकारिला. परंतु त्या विषयाच्या ज्या भागाविषयीं मी बोलणार आहे, तो ऐकून कित्येकांस संकोच वाटेल, कित्येक माना खालीं घालतील. मल्टिपल स्क्लेरोसिस नांवाच्या दुखण्यानें पीडलेल्या माणसाला मलविसर्जनाचा जो त्रास होतो, त्याविषयीं मी बोलणार आहे.

प्रथम मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. आपल्यांतील एक बाई पूर्वीं दर रविवारीं पुढच्या बांकावर असत. त्यांचें नांव मी सांगणार नाहीं, आणि तुम्हींहि तें शोधूं नये; त्यांच्या अनुमतीनेंच मी हें बोलत आहें. कांहीं काळानें त्या मागच्या बांकावर बसूं लागल्या, पुढें दाराशीं बसूं लागल्या, आणि अखेर येईनाशा झाल्या. त्यांचे पाय जड झाले आहेत, त्या काठी घेऊन चालतात, हें मला ठाऊक होतें. परंतु काठी घेऊन येणारे दुसरेहि आहेत. मीं कारण विचारिलें नाहीं. श्रद्धा थंडावली असें मीं मनाशीं ठरविलें, आणि एके दिवशीं वाटेंत त्यांचे यजमान भेटले तेव्हां तसें बोलूनहि दाखविलें. त्या गृहस्थांनीं मान खालीं घातली व ते निघून गेले.

पुढें कांहीं महिन्यांनीं ख्रिस्तप्रसाद घेऊन मी त्यांच्या घरीं गेलों. त्या वेळीं बाई म्हणाल्या, "फादर, मीं देवाला सोडलें नाहीं. एकदां मिस्सा चालू असतांनाच माझे कपडे खराब झाले. कोणाला कळलें नाहीं, पण मला कळलें. तेव्हांपासून देवळाकडे पाऊल उचलत नाहीं."

बंधुभगिनींनो, सेमिनरींत मीं तत्त्वज्ञान शिकलों, ईश्वरज्ञान शिकलों, आत्म्याच्या व्याधींविषयीं मोठमोठे ग्रंथ वाचले. परंतु देहाच्या एका साध्या व्यवहाराच्या भीतीनें मनुष्य देवाच्या घरापासून दूर राहतो, हें मला त्या दिवसापर्यंत कोणी शिकविलें नव्हतें, व मींहि शिकून घेतलें नव्हतें. त्यानंतर मी त्या कुटुंबाबरोबर डॉक्टरांकडे गेलों, परिचारिकांना विचारिलें, आणि समजेल तेवढें वाचलें. मी वैद्य नव्हे. औषध देण्याचा अधिकार माझा नाहीं. जें जाणत्यांकडून ऐकिलें व तपासून घेतलें, तेंच आज तुमच्यापुढें ठेवितों.

आधीं हें दुखणें काय आहे तें पाहूं. मेंदूपासून पाठीच्या कण्यांतून जी मज्जारज्जु खालीं उतरते, तिच्यांतून शरीराच्या सर्व भागांचे निरोप जातात आणि येतात. विजेच्या तारेवर जसें रबराचें वेष्टण असतें, तसें ह्या मज्जातंतूंवरहि एक स्निग्ध वेष्टण असतें. शरीराचें रक्षण करणारी जी आपली अंतर्गत शक्ति, तीच ह्या रोगांत भ्रमानें त्या वेष्टणावर हल्ला करते. वेष्टण जागोजागीं झिजतें, तेथें कठीण व्रण उरतात, आणि निरोप मंद होतो, चुकतो, किंवा पोंचतच नाहीं. अनेक ठिकाणीं पडलेले कठीण व्रण, असाच त्या नांवाचा अर्थ आहे. पॅरिस येथील डॉ. शार्को ह्यांनीं १८६८ सालीं ह्या रोगाचें स्वरूप प्रथम नीट मांडून दाखविलें. बहुधा २० ते ४० ह्या वयांत तो सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक आढळतो. एकाची दृष्टि अंधुक होते, दुसऱ्याचे पाय ताठरतात, तिसऱ्याचा तोल जातो, चौथ्याला विलक्षण थकवा येतो. हा रोग स्पर्शानें पसरत नाहीं. ही करणी नव्हे, शाप नव्हे, वाडवडिलांच्या पापाचें फळहि नव्हे. तो समूळ नाहींसा करणारें औषध अद्याप सांपडलेलें नाहीं. परंतु त्याचे झटके कमी करणारीं औषधें १९९३ पासून निघत आलीं आहेत, आणि तीं लवकर सुरू झाल्यास अधिक उपयोगीं पडतात.

ख्रिस्तसभेला हें दुखणें अगदींच अपरिचित नाहीं. हॉलंडमधील स्कीडाम गांवीं १३८० सालीं जन्मलेली संत लिडविना पंधरा वर्षांची असतांना बर्फावर पडली आणि तिची बरगडी मोडली. पुढें तिचे पाय गेले, दृष्टि मंदावली, गिळणें कठीण झालें. १४३३ सालीं मृत्यु येईपर्यंत ती अंथरुणाला खिळून राहिली. तेरावे पोप लिओ ह्यांनीं १८९० सालीं तिचें संतपद मान्य केलें. तिच्या चरित्रांतील लक्षणें पाहून तिला हाच रोग असावा असा कांहीं डॉक्टरांचा तर्क आहे. इतक्या शतकांनंतर खात्री कशी होणार? परंतु एक गोष्ट आपण विसरतों. चित्रांत तिच्या हातीं गुलाब दिसतात. त्या अंथरुणाची रोजची स्वच्छता मात्र कोणत्याहि चित्रांत दिसत नाहीं. ती कोणी तरी वर्षानुवर्षें केलीच असली पाहिजे.

आतां मूळ विषयाकडे येतों. ह्या रोगाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना केव्हां ना केव्हां कोठ्याचा त्रास होतो. तो दोन प्रकारचा असतो. एक बद्धकोष्ठ, आणि दुसरा मल आवरतां न येणें. पुष्कळांना दोन्ही होतात. कारणें एक नव्हे, अनेक आहेत. मज्जातंतूंचा निरोप मंदावल्यानें आंतड्यांची हालचाल मंदावते. मल तेथेंच राहून त्यांतील पाणी शोषलें जातें व तो कठीण होतो. गुदद्वाराभोंवतालचे जे स्नायु वेळेवर सैल व्हावयाचे, ते आवळलेलेच राहतात. किंवा जे आवळून धरावयाचे, ते धरीत नाहींत. कित्येकांस वेग आल्याची जाणीवच होत नाहीं. चालणें-फिरणें कमी झालेलें असतें. लघवीहि आवरत नसल्यामुळें बिचारे पाणी कमी पितात, आणि कोठा अधिकच सुकतो. शिवाय लघवीसाठीं, स्नायूंचा ताठरपणा घालविण्यासाठीं, किंवा रक्तवाढीसाठीं दिलेल्या कांहीं गोळ्यांनींहि बद्धकोष्ठ वाढतें. एवढें ऐकल्यावर, "अमका आळशी आहे, पथ्य पाळीत नाहीं," असें म्हणावयास कोणाची जीभ वळणार नाहीं अशी मी आशा करितों.

येथें एक धोक्याची गोष्ट सांगून ठेवितों. कधीं कधीं आंत कठीण मलाचा गोळा अडून बसतो आणि त्याच्या कडेनें पातळ मल झिरपत राहतो. घरचे लोक समजतात कीं, जुलाब होत आहेत. मग जुलाब थांबविण्याची गोळी देतात, आणि अडथळा अधिकच घट्ट होतो. म्हणून बरेच दिवस साफ न होतां एकाएकीं पातळ होऊं लागल्यास आपल्या मनानें औषध न देतां डॉक्टरांना दाखवावें.

मग उपाय काय? पहिला उपाय बोलणें हा आहे. डॉक्टर हातापायांची चौकशी करतात, डोळ्यांची करतात. कोठ्याचा प्रश्न त्यांनीं विचारला नाहीं तर आपण होऊन सांगावा. तोंडानें सांगवत नसेल तर कागदावर लिहून द्यावा. दोन आठवडे एक वही ठेवावी: केव्हां झालें, कसें झालें, काय खाल्लें, किती पाणी प्यालें, कोणत्या गोळ्या घेतल्या. मलाच्या स्वरूपाचे सात प्रकार दाखविणारा एक तक्ता १९९७ पासून डॉक्टरांत रूढ आहे. ब्रिस्टल ह्या इंग्लंडांतील शहराच्या नांवानें तो ओळखला जातो. त्यांतील पहिला प्रकार लेंड्यांसारखा कठीण, सातवा निव्वळ पाण्यासारखा, आणि तिसरा-चौथा निरोगी मानितात. रुग्णानें नुसता आंकडा सांगितला तरी डॉक्टर समजतात. लाज वांचते व कामहि होतें.

दुसरा उपाय ठरलेली वेळ हा होय. अन्न पोटांत गेलें कीं आंतडीं आपोआप हलूं लागतात, आणि सकाळच्या न्याहारीनंतर ही हालचाल विशेष असते. म्हणून कांहीं खाऊन, कढत चहा किंवा कोमट पाणी पिऊन, वीस-तीस मिनिटांनीं रोज त्याच वेळीं शौचास बसावें. वेग येवो वा न येवो. दहा-पंधरा मिनिटांहून अधिक बसूं नये, कुंथूं नये. झालें नाहीं तर उठावें, आणि दुसऱ्या दिवशीं पुनः त्याच वेळीं बसावें. कोठ्याला अशी संवय लागावयास कित्येक आठवडे लागतात. चार दिवसांत धीर सोडूं नये. सकाळच्या घाईंत घरांतील दहा माणसें एकाच दाराशीं उभीं असतील, तर रुग्णाची ती वेळ राखून देणें हें घरच्यांचें काम आहे.

तिसरा उपाय बसण्याची रीत हा होय. आपली उकिडवें बसण्याची जुनी रीत मलविसर्जनास फार अनुकूल आहे. परंतु ज्याचे पाय ताठरले आहेत त्याला तसें बसवत नाहीं, आणि बसला तर उठवत नाहीं. त्यानें खुर्चीसारख्या उंच भांड्यावर बसावें आणि पायांखालीं पाट किंवा लहान चौरंग घ्यावा, म्हणजे गुडघे कमरेपेक्षां उंच येतात. किंचित् पुढें वांकून कोपरें मांडीवर टेकावीं. भांडें नवें बसविणें परवडत नसेल, तर बैठकीला भोंक असलेली खुर्ची बाजारांत मिळते, व गांवचा सुतारहि ती करून देतो. भिंतीला धरण्यासाठीं आडवा दांडा असावा, दार बाहेर उघडणारें असावें, पायाखालीं निसरडें नसावें, आणि हाताशीं एक घंटा असावी. आपल्याकडे ह्या विधीला "परसाकडे जाणें" असें म्हणत. परंतु ज्याला अंगणहि ओलांडवत नाहीं त्याच्यासाठीं तें परस घरांत आणलें पाहिजे.

चौथा उपाय पाणी आणि अन्न. दिवसाकाठीं साधारण दीड ते दोन लिटर पातळ पदार्थ पोटांत जावे; हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावें. लघवीच्या भीतीनें पाणी तोडूं नये. लघवीचाहि स्वतंत्र उपचार आहे. ज्वारीची भाकर, सालीसकट डाळी, पालेभाज्या, पेरू, पपई, आपल्या विदर्भाचीं संत्रीं, हे पदार्थ चांगले. परंतु चोथा वाढवावयाचा तो हळूहळू आणि पाण्याबरोबरच. आंतडीं फार मंद असतील तर अति चोथ्यानें पोट फुगतें. इसबगोल घेतल्यास भरपूर पाण्यांतून घ्यावा. ज्याला गिळतांना ठसका लागतो त्यानें विचारल्याशिवाय घेऊं नये.

आपल्या जिल्ह्याचा उन्हाळा तुम्हांला ठाऊकच आहे. पारा ४५ अंशांवर जातो. ह्या रोगांत अंग तापलें कीं सगळीं लक्षणें तात्पुरतीं वाढतात. ऊथोफ नांवाच्या जर्मन डॉक्टरांनीं १८९० सालींच हें नमूद केलें आहे. पाय लटपटतात, दृष्टि मंदावते, आणि घामानें कोठाहि सुकतो. तेव्हां चैत्र-वैशाखांत माठ रुग्णाच्या हाताशीं असावा, ताक-पन्हें द्यावें, ओल्या फडक्यानें अंग पुसावें, आणि दुपारीं त्याला बाहेर काढूं नये.

पांचवा उपाय औषधें. पुष्कळ घरांत एरंडेल हाच एक उपाय समजतात. असा तीव्र जुलाब वरचेवर घेणें हितावह नाहीं. एक दिवस ओढाळ जुलाब आणि पुढें चार दिवस कांहींच नाहीं, असें चक्र सुरू होतें. मल मऊ ठेवणारीं औषधें वेगळीं, आंतड्यांना चालना देणारीं वेगळीं. सोनामुखी ह्या दुसऱ्या वर्गांतली. कोणतें, किती व किती दिवस, हें डॉक्टरांनीं ठरवावें. गुदद्वारांतून घालावयाची ग्लिसरीनची वडी किंवा लहान एनिमा ठरलेल्या वेळीं घेतल्यानें पुष्कळांचा दिवस मोकळा होतो. एवढ्यानें भागलें नाहीं, तर कोमट पाण्यानें आंतडें धुण्याचें एक साधन आहे. तें शिकलेल्या परिचारिकेकडून समजून घेऊनच वापरावें. पोटावर घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें हलक्या हातानें चोळल्यानेंहि कांहींना बरें वाटतें.

ज्यांना आवरत नाहीं त्यांच्यासाठीं मुख्य गोष्ट हीच कीं, कोठा सकाळीं ठरल्या वेळीं मोकळा करावा, म्हणजे दिवसभराची भीति कमी होते. अति तिखट, तेलकट, व फार चहा-कॉफी ह्यांनीं त्रास वाढतो कीं काय, तें वहींत पाहावें. बाहेर जातांना शोषून घेणारी घडी वापरावी. पिशवींत एक कपडा, पाणी व साबण ठेवावा. कातडी ओली राहूं देऊं नये. खोबरेल किंवा डॉक्टरांनीं सांगितलेलें मलम लावावें, नाहींतर फोड व शय्याव्रण होतात. ह्यांत लाजण्यासारखें काय आहे? डोळ्यांना चष्मा लागतो, पायांना काठी लागते, तशीच ही घडी.

आणि हीं चिन्हें दिसल्यास विलंब करूं नये: मलावाटे रक्त, कारणावांचून वजन घटणें, कित्येक आठवडे टिकणारा नवा बदल. पोट फुगून ओकाऱ्या होऊं लागल्या आणि वाराहि सरेना, किंवा मांड्यांमधील भाग एकाएकीं बधिर झाला, तर रात्र असली तरी तत्काळ रुग्णालय गांठावें. प्रत्येक गोष्टीचा दोष ह्या एका रोगावर टाकणें हीहि चूकच आहे.

आपल्या जिल्ह्यावर ह्या बाबतींत देवाची कृपा आहे. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ पासून, आणि सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९९० पासून, अशीं दोन मोठीं स्थानें जवळ आहेत. १९८५ सालीं मुंबईंत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था ह्याच रुग्णांसाठीं स्थापन झाली. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ सालच्या कायद्यांत ज्या २१ दिव्यांगता गणिल्या आहेत, त्यांत ह्या रोगाचें नांव स्पष्ट आहे. प्रमाणपत्र काढण्यासाठीं ज्यांना मदत पाहिजे, त्यांनीं माझ्याकडे यावें. अर्ज भरावयास मी बसेन.

आतां लाजेविषयीं दोन शब्द. आपण ज्या भूमींत राहतों त्या भूमींत तरी ह्या विषयाची लाज नसावी. महात्मा गांधी १९३६ सालीं सेवाग्रामला राहावयास आले. स्वतःच्या व इतरांच्या कोठ्याविषयीं ते मोकळेपणानें बोलत व लिहीत, आणि आश्रमांत शौचकूप साफ करणें हें प्रत्येकाचें काम मानलें जाई. १९४६ च्या सुमारास विनोबा भावे पवनारहून पायीं सुरगांवला जात आणि तेथील मैला स्वतः उचलीत. गीतेवर प्रवचनें करणारा विद्वान् गांवाची घाण उचलावयास लाजत नव्हता. आणि आपण आपल्या आईची, पत्नीची, भावाची गोष्ट डॉक्टरांपुढें काढावयास लाजावें काय?

आपल्या प्रभूनेंहि हा विषय टाळिलेला नाहीं. संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायांत तो शिष्यांना समजावून सांगतो कीं, पोटांत जाणारें अन्न पोटांतून बाहेर पडतें व शौचकूपांत जातें. त्यानें मनुष्य विटाळत नाहीं. विटाळविणारें जें आहे तें अंतःकरणांतून निघतें. हा अध्याय मीं वेदीवरून किती वेळां वाचला असेल! तरी त्या बाईंच्या यजमानांना वाटेंत गांठून मीं जें बोललों, तें माझ्या अंतःकरणांतूनच निघालें होतें. त्या दिवशीं विटाळ त्यांच्या घरीं नव्हता, माझ्या जिभेवर होता.

त्याच शुभवर्तमानांत बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेली एक स्त्री आहे. ती गर्दींत, पाठीमागून, कोणाला न कळत येते. प्रभु तिला बरें करून तसाच पुढें जात नाहीं. तिला सर्वांसमोर बोलूं देतो आणि कन्या म्हणून हांक मारितो. आणि संत पौल करिंथकरांस लिहितांना म्हणतो कीं, देहाचे जे अवयव आपण कमी प्रतिष्ठेचे समजतों, त्यांनाच आपण अधिक मान देतों. देहाविषयीं हें खरें असेल, तर ख्रिस्तसभा जें ख्रिस्ताचें शरीर, तिच्याविषयींहि खरें असलें पाहिजे.

म्हणून रुग्णांना मी धर्मगुरु ह्या नात्यानें स्पष्ट सांगतों. जो आजारीपणामुळें रविवारच्या मिस्सेस येऊं शकत नाहीं त्याला पाप लागत नाहीं. निरोप धाडा, ख्रिस्तप्रसाद मी घरीं आणीन. कित्येक वृद्ध मंडळी अजून जुन्या नियमाप्रमाणें मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबहि घेत नाहींत. तो नियम केव्हांच बदलला आहे. ख्रिस्तप्रसादापूर्वीं एक तासाचा उपास पुरे. पाण्यानें आणि औषधानें तो मोडत नाहीं. आणि रुग्ण, वृद्ध व त्यांची सेवा करणारे ह्यांना त्या एका तासाचेंहि बंधन नाहीं. उपवासकाळांतील उपास रुग्णावर बंधनकारक नाहींत. तुमच्या पोटाचा जो क्रम डॉक्टरांनीं बांधून दिला असेल, तो पाळणें हेंच तुमचें व्रत समजा.

घरच्यांना सांगतों: मदत करतांना नाक मुरडूं नका, आणि थट्टाहि करूं नका. आधीं विचारा, मग हात लावा. पडदा ओढा, दार लावा. आणि सेवा करणाऱ्यालाहि विश्रांति लागते, हें शेजाऱ्यांनीं ओळखावें. आठवड्यांतून एक सकाळ दुसऱ्या कोणी त्या घरीं जाऊन बसलें, तर तें मोठें पुण्यकर्म होय.

आणि आतां आपणां सर्वांस एक विनंति. आपल्या देवळाचें शौचालय शाळेच्या पाठीमागें आहे. त्याला तीन पायऱ्या आहेत, दार अरुंद असून आंत उघडतें, आणि आंत उकिडवें बसण्याचेंच भांडें आहे. ज्युबिलीच्या निधींतून प्रवेशद्वारीं कमान बांधण्याचा आपला विचार आहे. कमान सुंदर दिसेल ह्यांत शंका नाहीं. परंतु त्याच पैशांतून देवळाच्या उजव्या बाजूस, दारापासून दहा पावलांवर, उताराची वाट, रुंद दार, उंच भांडें आणि भिंतीस दांडा असलेलें एक शौचालय होऊं शकेल. मीं गवंड्याला जागा दाखविली आहे. निर्णय माझा नाहीं. येत्या रविवारीं सभा आहे, तेथें तुम्हीं सर्वांनीं तो करावयाचा आहे. ज्यावर देणगीदारांच्या नांवाची शिळा बसवावयास कोणी पुढें येणार नाहीं, असें तें बांधकाम आहे, हें मी जाणून आहें.

त्या बाईंचें पुढें काय झालें, तें सांगून मी थांबतों. चमत्कार झाला नाहीं. रोग आहे तसाच आहे. परंतु वही लिहिली गेली, एक गोळी बदलली, सकाळची वेळ ठरली, यजमानांनीं पडवींत खुर्ची बसविली. पांच-सहा महिने लागले. गेल्या पुनरुत्थानाच्या सणास त्या आल्या व दाराजवळच्या बांकावर बसल्या. मीं धर्मग्रामाच्या घराची किल्ली त्यांच्या हातीं दिली. ती त्या दिवशीं लागली नाहीं. कांहीं दिवस अजूनहि वाईट जातात, आणि त्या दिवशीं त्या येत नाहींत. परंतु आतां त्या कां आल्या नाहींत हें मला ठाऊक असतें, आणि मिस्सेनंतर मी त्यांच्या घरीं जातों.

आपल्या ह्या मंडळींत असें लपविलेलें दुःख आणखी किती घरांत असेल, तें परमेश्वर जाणतो. ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं आजपासून तें एकट्यानें वाहूं नये. चौघांनीं पक्षाघाती मनुष्याला छपरांतून प्रभूच्या पायांशीं उतरविलें, तेव्हां त्यांनीं त्याला आधीं बरा होऊन ये असें म्हटलें नाहीं. आपणहि तसेंच करूं या. रुग्णांचें आरोग्य जी धन्य कुमारी मरिया, ती आपणांसाठीं विनंति करो, आणि सर्वसमर्थ परमेश्वर तुम्हांस, तुमच्या घरांस व तुमच्या रुग्णांस आशीर्वाद देवो. आमेन.